मशीन काढली म्हणजे साथ सोडली काय?

२०२५ चा जानेवारी संपता संपता आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, कर्नाटकात आता इच्छामरण सुरू, अर्ज केला की मिळणार. खाली दोघातिघांनी हात जोडले, एकाने लिहिलं म्हाताऱ्यांना मारायची सोय केली बघा सरकारने, आणि एका आज्जींनी (नातवाने नुकताच फोन घेऊन दिलाय) नुसतं विचारलं, अर्ज कुठं मिळतोय. सगळ्यांनी हसायचे इमोजी टाकले. मला काय हसू आलं नाही. त्या आज्जी दर महिन्याला माझ्याकडून गोळ्या नेतात, त्यांनी चेष्टा केलेली नव्हती.

बेळगावात वडगावला माझं मेडिकल आहे. मी डॉक्टर नाही, वकील पण नाही, पण जे प्रश्न डॉक्टरांना विचारायला माणसं बिचकतात ते औषधवाल्याला सरळ विचारतात, सुट्टे पैसे घेता घेता. तो फॉरवर्ड अजून फिरतोय आणि काउंटरवर प्रश्न एकच येतो, "मशीन काढायला आपण हो म्हटलं तर आपणच मारल्यासारखं होतंय की नाही? इतकी वर्षं सांभाळलेलं माणूस शेवटाला असं सोडायचं?" याचं उत्तर दोन गिऱ्हाईकांच्या मध्ये देऊन होत नाही, म्हणून लिहायला बसलोय, जरा लांबेल.

## नेमकं निघालंय काय

कर्नाटक सरकार कुणाला मरण वाटत सुटलेलं नाही. ३० जानेवारी २०२५ ला आरोग्य खात्याने एक आदेश काढला, तो दवाखान्यांसाठी आहे, सुप्रीम कोर्टाने घालून दिलेली पद्धत आपल्या राज्यात कशी पाळायची एवढंच त्यात आहे. मूळ निकाल ९ मार्च २०१८ चा, पाच न्यायाधीशांचा. राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात सन्मानाने मरण्याचा हक्क पण येतो असं कोर्टाने त्यात सांगितलं. पण सोबत दिलेली पद्धत इतकी किचकट होती की ती पाळेपर्यंत पेशंटचं बारावं व्हायचं, म्हणून २४ जानेवारी २०२३ ला कोर्टानेच ती सोपी केली.

घोळ सगळा इच्छामरण या शब्दाने घातलाय. हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यासमोर भीष्म, बाणांच्या शय्येवर पडून उत्तरायणाची वाट बघणारे, म्हणजे मनात आलं की जायचं. तसलं काहीच नाही यात. इंजेक्शन देऊन जीव घेणं हा काल गुन्हा होता आणि आजही आहे, डॉक्टरने दिलं तरी, पोटच्या पोराने हात जोडून मागितलं तरी. कोर्टाने मोकळीक दिलीय ती एवढ्याच गोष्टीला, की रोग बरा होणारा नाही, माणूस शेवटाला टेकलाय किंवा कायमचा बेशुद्धीत गेलाय, अशा वेळी नुसतं लांबवत ठेवणारे उपचार सुरूच न करणं किंवा सुरू असलेले थांबवणं. अशा उपचारांना जीवनाधार उपचार म्हणतात, त्यात व्हेंटिलेटर आला, डायलिसिस आलं, बीपी धरून ठेवणारी औषधं आली. मी इथून पुढं सगळ्याला मिळून मशीनच म्हणतो, घरोघरी तेच म्हणतात, "मशीनवर ठेवलंय".

## धक्का कुठंपर्यंत मारायचा

मशीन वाईट असते असं कुणी समजू नका. बंद पडलेल्या गाडीला धक्का मारतो की नाही आपण, बॅटरी उतरलेली असते पण इंजिन चांगलं असतं, चार माणसं मागनं लागली, सेकंड गिअरला सोडली, फुर्रकन चालू. व्हेंटिलेटर म्हणजे तो धक्का. साप चावलाय, न्यूमोनिया झालाय, अपघातात छातीला मार बसलाय, मोठं ऑपरेशन झालंय, अशा माणसाला चार-आठ दिवस धक्का द्यायचा, इंजिनने पकडलं की माणूस चालत घरी येतं. अशी माणसं माझ्या दुकानात येतात, डिस्चार्ज पेपर दाखवून गोळ्या नेतात. त्यांच्यासाठी मशीन म्हणजे देवच.

पण इंजिन जाम झालेलं असेल तर? कॅन्सर लिव्हरपर्यंत पोचलाय, किडन्या गेल्यात, मेंदू सुजलाय, तिथं तुम्ही टिळकवाडीतनं ढकलायला सुरू करून खानापूरपर्यंत ढकलत गेलात तरी ते ढकलणंच. गाडी पुढं सरकताना दिसते हे खरं, रस्त्यावरची माणसं म्हणतात पण, वा, किती कष्ट घेतायत बघा घरच्यांनी. गाडी चालू झालेली नसते.

अवघड काय होतं तर पहिल्या रात्री इंजिन कसलं आहे ते कळत नाही. म्हणून पहिल्या रात्री "लावा मशीन" म्हणणारा चुकीचा नसतो. चौथ्या, सातव्या दिवशी कळायला लागतं, आणि तेव्हा खाली बसून कुणी बोलतच नाही.

## आमच्या आत्तीचे अकरा दिवस

२०२२ ची गोष्ट. माझी आत्ती लवकर विधवा झाली आणि आमच्याकडंच राहिली, आईची वन्सं. दोघींनी चाळीस वर्षं एका चुलीवर काढली, भांडणं पण चिक्कार, एकदा मिठाच्या बरणीवरनं आठ दिवस अबोला धरलेला. आत्तीला पित्ताशयाचा कॅन्सर निघाला तेव्हा तो लिव्हरमध्ये गेलेलाच होता. तिने आईला भाकऱ्या थापता थापता सांगितलेलं, "वैनी, मला त्या नळ्या नकोत हं. हितंच मरू दे." आईने "असलं काय बोलू नका" म्हणून विषय उडवला. आपल्याकडे हे असंच असतंय, सांगणारा एकदा धीर करून सांगतो आणि ऐकणारा त्याला गप्प करतो, आणि यालाच आपण माया म्हणतो.

एका रात्री धाप लागली, १०८ ला फोन, दवाखाना, आणि पुढच्या तासाभरात मशीन. पुण्याचा मुलगा, म्हणजे माझा आत्तेभाऊ, पहाटे पोचला आणि दारातच म्हणाला, "सगळं करा डॉक्टर, पैशाचं बघू नका." त्याची चेष्टा करायची नाही मला. १९९१ सालच्या एका मेडिकल लेखात तिकडच्या डॉक्टरांनी अशा लांबून येणाऱ्या नातेवाईकाला नावच दिलंय, 'कॅलिफोर्नियाची मुलगी', आणि म्हणे खुद्द कॅलिफोर्नियात तिला न्यूयॉर्कची मुलगी म्हणतात. आपल्याकडे पुण्याचा मुलगा म्हणू. जो रोज जवळ नव्हता त्याला सगळं शेवटच्या चार दिवसांत भरून काढायचं असतं, आणि सगळं करा हे दोनच शब्द त्याच्याकडे असतात.

आयसीयूच्या दारात एका प्लास्टिकच्या पिशवीत आत्तीचा चष्मा, कवळी आणि कानातल्या कुड्या आमच्या हातात दिल्या. आत सोडायचे सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, एकेकाला. तोंडात नळी असली की बोलता येत नाही, आणि नळी ओढू नये म्हणून हात गॉजपट्टीने कॉटच्या दांडीला बांधलेले, सैलसर, पण बांधलेले. आई आत जाऊन आली की सांगायची, वन्सं माझ्याकडं बघतच नाहीत, वर बघतात. तिसऱ्या दिवशी तिच्या डोक्यात प्रकाश पडला, पिशवीतला चष्मा पदराखाली घेऊन गेली, घातला, आणि आत्तीने बघितलं. बघितलं आणि बांधलेल्या हाताची बोटं हलवली. संध्याकाळी चष्मा परत पिशवीत, आत चालत नाही म्हणाले.

अकराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले काही होण्यासारखं नाही, न्यायचं असेल तर न्या. नेताना जे कागद करतात त्याला दवाखान्यात डामा म्हणतात, डॉक्टरी सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. म्हणजे सांगितलं डॉक्टरने आणि कागदावर आलं की आम्ही त्यांचं न ऐकता नेलं. सही आत्तेभावाने केली. अँब्युलन्समध्ये एक पोरगा हाताने फुगा दाबत बसलेला, घरात आत्तीला खाली घातलं, तुळशीचं पाणी घातलं, पोराने घड्याळ बघितलं आणि विचारलं, "काढू काय?" त्यानंतर चाळीस मिनिटं. धाप कमी करणारं एकही औषध घरात नव्हतं. माझं स्वतःचं मेडिकल असून नव्हतं. ती चाळीस मिनिटं मी इथं लिहीत नाही.

आत्तेभाऊ पुढं दोन वर्षं म्हणत होता, मीच सही करून आईला मारलं.

## निष्ठा म्हटलं की आपल्याला रणांगण आठवतं

आपण वाढलोच त्यावर. इकडं नंदगडला संगोळी रायण्णाची समाधी, कित्तूरची राणी चन्नम्मा कैदेत वारली तरी हा तिच्या गादीसाठी लढत राहिला आणि २६ जानेवारी १८३१ ला इंग्रजांनी त्याला तिथंच फाशी दिलं. तिकडं गडहिंग्लजच्या वाटेला नेसरी, २४ फेब्रुवारी १६७४, प्रतापराव गुजर आणि सहा जण, राजाचा शब्द लागला म्हणून बहलोलखानाच्या फौजेवर सरळ घुसले. निष्ठा म्हणजे मागं हटायचं नाही, हे दोन्हीकडच्या पोरांना शाळेतच शिकवतात, कन्नड शाळा असो की मराठी.

आणि मग आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर बसलेला मुलगा म्हणतो, "आम्ही हार मानणार नाही, लढणार." मला त्याचं मन कळतंय. पण रायण्णाने स्वतःचा गळा दिला, प्रतापराव स्वतःच्या अंगावर वार घेऊन पडले. आयसीयूतली लढाई आपण बाहेर बाकड्यावर बसून लढतो आणि वार सगळे आत झोपलेल्या माणसाच्या अंगावर. छाती दाबून हृदय चालू करतात ना, ते पिक्चरमध्ये दाखवतात तसं हलकं नसतं. मोठ्या माणसाची छाती पाच-सहा सेंटिमीटर आत जाईल इतक्या जोराने, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबतात. धडधाकट माणूस अचानक कोसळला तर तेच जीवदान, अजिबात वेळ घालवू नये. पण कॅन्सरने पोखरलेल्या शहात्तर वर्षांच्या बाईच्या बरगड्या त्यात मोडतात, आणि मूळ रोग जिथल्या तिथंच. या शेवटच्या दाबादाबीबद्दल आधीच ठरवून ठेवता येतं, आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने २०२० साली डॉक्टरांसाठी त्याची मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, मुद्दा एवढाच की पेशंटशी, घरच्यांशी वेळेवर बोला.

## पण मग हे मारणंच झालं की नाही?

हा प्रश्न येतोच, आणि यायलाच पाहिजे.

कायद्याचं उत्तर असं, की इंजेक्शन दिलं तर मरण त्या इंजेक्शनने येतं, ते नसतं तर माणूस जगला असता. मशीन थांबवल्यावर मरण येतं ते आतल्या रोगाने, जो आधीपासून नेतच होता. धरण फोडणं वेगळं आणि पावसाळ्यात मार्कंडेय नदीला आलेलं पाणी हाताने अडवणं थांबवणं वेगळं. ऐकायला वकिली वाटतं, मला पण पहिल्यांदा वाटलं. पण दुसऱ्या बाजूने विचार करून बघा, शुद्धीवर असलेल्या माणसाला डॉक्टरने सांगितलं व्हेंटिलेटर लावू या आणि तो म्हणाला नको, तर कुणी त्याला बांधून लावत नाही, तो त्याचा हक्क. प्रश्न फक्त तो शुद्धीत नसताना काय, एवढाच आहे. त्याची इच्छा बेशुद्ध झाल्याबरोबर संपते काय?

आता ब्रेन डेड, कोमा सगळं एकात कालवतात लोक. ब्रेन डेड म्हणजे मेंदू, अगदी मुळाकडचा भागसुद्धा, कायमचा बंद, आणि अवयवदानाच्या १९९४ च्या कायद्यात ते मरणच धरलंय. कोमात माणूस डोळे मिटून पडलेला, त्यातून काही जण परत येतात. आणि तिसरी अवस्था, डोळे उघडतात, झोप-जाग आहे, श्वास स्वतःचा, पण ओळख-जाणीव काही नाही, आणि वर्षानुवर्षं तसंच. त्यावरच खरी मोठी केस झाली.

## केईएमच्या नर्सनी तर ४२ वर्षं सोडलं नाही, त्याचं काय?

अरुणा शानभाग आपल्याच कर्नाटकातल्या, उत्तर कन्नडातल्या हळदीपूरच्या. मुंबईला केईएममध्ये नर्स होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला हॉस्पिटलमध्येच त्यांच्यावर हल्ला झाला, गळा आवळल्याने मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही आणि त्या कधी भानावर आल्या नाहीत. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने गेल्या. मधली जवळपास ४२ वर्षं त्याच हॉस्पिटलात नर्सनी सांभाळलं. पहिल्या नर्स रिटायर झाल्या, दुसऱ्या आल्या, तिसऱ्या आल्या, ज्यांनी अरुणाताईंना कधी चालताना-बोलताना बघितलंच नव्हतं त्या पोरींनी त्यांना भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. इतक्या वर्षांत अंगाला बेडसोअर होऊ दिला नाही. ज्यांनी घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळलंय त्यांना विचारा हे काय असतं, दर दोन तासाला वळवावं लागतं, रात्री पण, एक दिवस चुकला तरी कातडी लाल होते.

पत्रकार पिंकी विराणी कोर्टात गेल्या, की यांची सुटका करा. नर्स म्हणाल्या नाही, ती आमची आहे. ७ मार्च २०११ ला कोर्टाने नर्सच्या बाजूने निकाल दिला, म्हणजे अरुणाताईंच्या वतीने बोलायचा हक्क त्यांना सांभाळणाऱ्यांचा. पण त्याच निकालात पहिल्यांदा हे पण मान्य केलं की ठराविक परिस्थितीत, हायकोर्टाच्या परवानगीने, उपचार थांबवता येतील. २०१८ चा निकाल या वाटेनेच पुढं आला.

मला विचाराल तर त्या नर्सची निष्ठा मशीनची नव्हतीच. अरुणाताई व्हेंटिलेटरवर नव्हत्या. निष्ठा हातात होती, भरवण्यात आणि वळवण्यात. विराणींची पण निष्ठाच, दुसऱ्या तऱ्हेची. दोन्हीकडची माणसं त्यांना सोडून गेली नव्हती. आणि आमच्या आत्तीला अकरा दिवसांत आईने हात लावला तो मोजला तर चार तास पण भरत नाही.

## मग काही करायचंच नाही काय? उपाशी ठेवायचं?

सगळ्यात जास्त भीती याचीच. मशीन नको म्हटलं की दवाखाना लक्षच देणार नाही, कॉट रिकामी करा म्हणेल.

इथं एक शब्द शिकून घ्या, पॅलिएटिव्ह केअर. रोग बरा करता येत नाही तेव्हा त्रास बरा करायचा, म्हणजे दुखणं, धाप, उलटी, घाबरणं, तोंड कोरडं पडणं, यावर नीट औषध आणि माणूस. हे शेवटच्या दिवशी सुरू करायचं नसतं, रोग कळल्यापासून बाकीच्या उपचारांबरोबर चालू शकतं. डब्ल्यूएचओ म्हणते जगात ज्यांना याची गरज आहे त्यातल्या जेमतेम १४ टक्क्यांना ते मिळतं. मुंबईत शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं सेंटर आहे, बंगळूरला करुणाश्रय. आपल्या बाजूला डॉक्टरला स्वतःहून विचारावं लागतं, "त्रास कमी करायचं काय आहे ते सांगा", आणि विचारलं तर बरेचसे डॉक्टर सांगतात, हा माझा अनुभव.

मॉर्फिनबद्दल एवढंच, कॅन्सरच्या दुखण्यावर आणि शेवटच्या धापेवर ते खरं औषध आहे. नीट मापात दिलं तर व्यसन लागत नाही आणि मरण पण ओढून आणत नाही. २०१४ ला नार्कोटिक्सचा कायदा बदलून ते मान्यताप्राप्त दवाखान्यांना ठेवता येईल असं केलं. माझ्यासारख्या गल्लीतल्या मेडिकलात मागू नका, मिळणार नाही. तिकडं मागा.

आणि खाणं. आपल्याकडे जेवण झालं काय विचारल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही, तिथं आई दोन दिवस जेवली नाही हे कुणाला सोसणार. पण शेवटाला शरीर स्वतःच अन्न मागायचं बंद करतं. जबरदस्तीने भरवलं तर ठसका लागतो, अन्न श्वासनलिकेत जातं. माणूस जेवत नाही म्हणून मरत नसतो, मरायला लागलाय म्हणून जेवत नसतो. तेव्हा ओठ ओले करायचे, कापसाने तोंड पुसायचं, चमचाभर पाणी मागितलं तर द्यायचं. हात धरायचा. बोलत राहायचं, ऐकू शेवटपर्यंत येतं असं जुन्या नर्स सांगतात.

चिकोडी-निपाणी भागातल्या आपल्या जैन लोकांना हे समजावून सांगायला लागत नाही. जैन मुनी शांतिसागर महाराज तिथल्याच भोज गावचे, १९५५ ला कुंथलगिरीवर त्यांनी सल्लेखना घेतली, म्हणजे हळूहळू अन्नपाणी सोडून मरणाला सामोरं जायचं व्रत. सल्लेखना आणि दवाखान्यातली मशीन या कायद्याने वेगळ्या गोष्टी आहेत, मिसळू नका. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान हायकोर्टाने सल्लेखनेला गुन्हा ठरवलेलं आणि त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली. मला सांगायचंय ते भोवतीच्या माणसांचं. तिथं कुणी बाहेर बाकड्यावर बसत नाही. अशा सेवेला ते वैयावृत्त्य म्हणतात आणि तिला तपात धरतात, म्हणजे जाणाऱ्याचं तप वेगळं आणि जवळ बसणाऱ्याचं पण तप.

## इस्टेटीसाठी कुणी घाई केली तर?

करतीलच की, माणसं आहेत. म्हणून तर एकट्या नातेवाईकाच्या किंवा एकट्या डॉक्टरच्या हातात हे ठेवलेलं नाही.

दवाखान्यात आधी एक मंडळ बसतं, बघणारा डॉक्टर आणि त्या विषयातले किमान पाच वर्षं अनुभवाचे आणखी दोन तज्ज्ञ. ते म्हणाले थांबवायला हरकत नाही, तरी दुसरं मंडळ बसतं, त्यात पहिल्यातलं कुणी नाही, आणि एक डॉक्टर जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याने नेमलेला. दोघांनी होता होईल तो ४८-४८ तासांत मत द्यायचं. घरच्यांची संमती लागते. आणि प्रत्यक्ष थांबवायच्या आधी दवाखान्याने मॅजिस्ट्रेटला कळवायचं. कुठं अडलं, मंडळाने नाही म्हटलं, तर हायकोर्ट आहे. आता यात पण कुणी गडबड करेल म्हणाल तर करेल, पण डामाच्या कागदावर एकट्या घाबरलेल्या पोराची सही घेण्यापेक्षा ही चाळणी बरी. आणि नळी काढायची तर दवाखान्यातच काढता येते, धापेचं औषध आधी देऊन, घरची माणसं जवळ असताना. आमच्या त्या चाळीस मिनिटांना हे उत्तर होतं. २०१८ चा निकाल होऊन चार वर्षं झालेली, आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हाला विचारायचं सुचलं नाही.

चमत्काराचं पण लोक विचारतात. चमत्काराची शक्यता असेल तर दोन मंडळातले सहा जण थांबवा म्हणणार नाहीत, आणि शंका असली तर मशीन चालू ठेवूनच बघतात. घाई कुणीच सांगितलेली नाही.

## लिव्हिंग विल, आणि आपला सीमेवरचा गुंता

आत्तीने चुलीपुढं सांगितलं ते कागदावर असतं तर त्याला लिव्हिंग विल म्हणतात. मृत्युपत्र मेल्यावर चालतं, हे जिवंतपणी चालतं, पण तुम्ही स्वतः सांगू शकत नाही तेव्हाच. अठरा वर्षं पूर्ण, डोकं ठिकाणावर, कुणाची जबरदस्ती नाही, एवढं पाहिजे. काय नको ते स्पष्ट लिहायचं, आपल्या वतीने कोण बोलेल त्यांची नावं घालायची, दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरपुढं सही. पूर्वी मॅजिस्ट्रेटची सही लागायची, २०२३ पासून ती कटकट गेली. एक प्रत नाव घातलेल्यांना, एक फॅमिली डॉक्टरला, एक महापालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडं. मन बदललं तर कधीही लेखी बदला, फाडा, नवीन करा. कागद नसला तरी वरची मंडळाची पद्धत चालतेच, फक्त मग ओझं घरच्यांवर.

आता आपला गुंता. रेशनकार्ड बेळगावचं, पेशंट मिरजेला किंवा कोल्हापूरला, पोरगा पुण्यात, जावई मडगावला. कुठला कायदा? सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे तो आहे, पण या बाबतीत त्याच कोर्टाने दोन्हीकडच्यांना एकच नियम लावून दिलाय, निकाल देशभर लागू. मिरजेत असाल तर मंडळातला सरकारी डॉक्टर सांगली जिल्ह्याचा, इथं असाल तर बेळगावचा, फरक तेवढाच. भाषा कुठली पाहिजे असं कोर्टाच्या अटींत नाही, मराठीत लिहिलं तरी चालतंय. पण इथं नाइट ड्युटीला रायचूर-बिदरकडचा डॉक्टर पोरगा असतो, त्याने रात्री दोनला ते वाचायचंय, म्हणून कन्नड किंवा इंग्रजी प्रत जोडा. यात तरी भाषेचा वाद नको.

मला वाटायचं हे सगळं आईला सांगायचं कसं. मी महिनाभर टाळलं. शेवटी तिनेच दुकानात येऊन विचारलं, ग्रुपवर आलंय ते काय आहे, वन्संचं झालं तसलं होऊ नये म्हणून काही असतंय काय. मी सांगितलं. ऐकून म्हणाली, "मग कर की. पुण्याच्याला पण बोलव, त्याने समोर बसून ऐकायला पाहिजे." तो आला. घरात बसून तिघांनी कागद केला, आईने आधी "भाकरी-पिठल्याचं काय ते तुम्ही बघा" म्हणून स्वयंपाक आमच्यावर ढकलला आणि एकेक ओळ वाचून घेतली.

नोटरीकडं शेजारचे मास्तर आणि माझ्या दुकानातला पोरगा साक्षीला. नोटरीने सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, अर्धं मराठीत अर्धं कन्नडमध्ये, आणि आईच्या पुढं पेन केला. तिने पेन घेतला नाही.

"मी सांगतो ते पण घाला," ती म्हणाली. "चष्मा काढायचा नाही."

नोटरीने वर बघितलं. "याक्री, अज्जी?" का म्हणून, एवढंच त्याने विचारलं.

"कोण आलंय ते दिसायला नको काय?"

त्याने आत्तेभावाकडं बघितलं, आत्तेभाऊ खिडकीकडं बघत होता. मग त्याने समासात हाताने ती ओळ लिहिली आणि शेजारी आईची आणखी एक सही घेतली.